गंजी कोणी पेटवली?



मागे एकदा कारखान्याच्या कामानिमित्त पुण्यास साखर संकुलात जाणे झाले. काम लांबले, शेवटची एस.टी. चुकली, म्हणून रात्री कसब्यात मामांच्या घरी मुक्कामाला गेलो. मामा चाळीस वर्षांपासून तिथल्या एका जुन्या वाड्यात भाड्याने राहतात. वाडा कडीपाटाचा, सागवानी खांब, जाड भिंती. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक बेकरी. जिना चढून वर गेलो तर मामांच्या मधल्या खोलीचा कोपरा काळा ठिक्कर पडलेला, भिंत फोडलेली, जमिनीच्या चार फळ्या काढलेल्या.

"काय झालं हो मामा?"

"अरे, आग लागली होती. लागली कसली, मालकानं लावली. वाडा मोकळा करून पाहिजे ना त्याला, बिल्डर मागं लागलाय."

मालकाचे म्हणणे दुसरेच. तो म्हणतो, भाडेकरूंनीच लावली, वाडा धोकादायक ठरला की पुनर्बांधणीत जास्त जागा मागता येईल म्हणून. दोन्ही घरे गणपतीत एकमेकांकडे जेवायला जायची. आता जिन्यात समोरासमोर आले तर मान फिरवतात.

आम्ही बॅटरी घेऊन त्या फोडलेल्या भिंतीत डोकावलो. बेकरीच्या भट्टीची मागची बाजू बरोबर त्याच भिंतीला टेकलेली आहे. मध्ये विटेचा एक थर आणि त्या थराच्या पलीकडे वरच्या मजल्याच्या तुळईचे टोक भिंतीत बसवलेले. ते टोक हातभर लांब आतून कोळसा झाले होते. बाहेरच्या बाजूला मात्र रंग अजून शाबूत. थंडीच्या दिवसांत मामांची मुले त्याच भिंतीला पाठ लावून अभ्यास करीत, भिंत ऊबदार असे म्हणून. हे मामांनीच सांगितले आणि पुढे असेही सांगितले की, आगीच्या आधी दोन दिवस घरात जळका वास येत होता; बेकरीतले पाव करपले असतील म्हणून कोणी लक्ष दिले नाही. आग लागली त्या दिवशी तर बेकरीची सुट्टी होती. अग्निशमन दलाच्या एका जवानाने भिंत फोडताना म्हटले होते, "बाहेरून आलेली नाही, आतून आलीय." पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते.

"मामा, मालकाला भिंतीत शिरता येतं का?" असे आम्ही विचारले. मामा गप्प बसले. पटले असे म्हणवत नाही.

आग आणि संशय यांची जोडी पुण्याला नवीन नाही. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. त्या आगी आपोआप लागल्या असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण सरकारचा संशय गेला कुठवर? थेट न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापर्यंत. त्यांची धुळ्यास बदली झाली, त्यांच्या नावची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. रमाबाई रानडे यांनी हे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या गावातल्या भाऊबंदांची काय कथा?

पुण्याच्या वाड्याशी ऊस विकास अधिकाऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. कडब्याची गंजी, उसाचे पाचट, गुऱ्हाळाची चिपाडे आणि आपल्या कारखान्याचा बगॅस ही सगळी त्या तुळईच्याच गोतातली. हा सगळा माल ठिणगीशिवाय पेटू शकतो. आणि तो पेटला की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो : कोणी लावली? आमचे मत असे की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा : माल ओला होता का आणि तो किती दिवस दाबून पडला होता?

आता हे होते कसे, ते थोडक्यात सांगतो. आम्ही कृषी पदविकावाले, शास्त्रज्ञ नव्हे. पण वाचले आहे आणि उघड्या डोळ्यांनी पाहिलेही आहे.

काडी लावून लाकूड पेटवायचे तर त्याचे वरचे अंग तीनशे अंश सेल्सियसच्या वर तापावे लागते. पण तेच लाकूड शंभर अंशांच्या आसपास महिनोन् महिने, वर्षानुवर्षे शेकत ठेवले तर गोष्ट बदलते. आधी त्यातले पाणी जाते. मग ते तपकिरी होते, पुढे काळे पडते, हळूहळू त्याचा सच्छिद्र कोळसा होतो. असा कोळसा हवेतला प्राणवायू शोषून घेतो आणि तसे होताना थोडी थोडी उष्णता बाहेर टाकतो. उघड्यावर ही उष्णता वाऱ्याने निघून जाते. भिंतीत बंद असली तर जाणार कुठे? ती तिथेच साठते. साठली की माल आणखी तापतो, तापला की हवेशी होणारी क्रिया आणखी जोरात चालते. साधारण दहा अंश वाढले की हा वेग दुपटीच्या घरात जातो, असे ढोबळ मानाने धरतात. एक दिवस भिंतीला भेग पडते, ताजी हवा आत शिरते आणि धुमसणाऱ्या लाकडाची ज्वाला होते. वाफेच्या नळीला टेकलेले लाकूड असे पेटल्याच्या नोंदी युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आहेत. शेकलेल्या लाकडाचा काही खास, चटकन पेटणारा कोळसा बनतो की केवळ जाडी आणि साठलेली उष्णता यांचाच हा खेळ आहे, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तो वाद त्यांनी घालावा. तुळई जळली हे खरे.

या साठण्याचे गणित रशियन शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मांडले. त्याचे सार शेतकऱ्याला चटकन कळेल असे आहे. ढीग लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींनी दुप्पट केला तर आतला माल आठपट होतो. उष्णता बाहेर टाकणारे उघडे अंग मात्र चौपटच होते. म्हणून लहान ढीग कोमट होऊन थंड पडतो आणि त्याच मालाचा डोंगर केला तर पोटातून पेटतो.

ओल्या मालात आणखी एक भागीदार असतो, तो म्हणजे जिवाणू आणि बुरशी. थंडीतल्या पहाटे उकिरडा उकरला की वाफ निघते, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. कंपोस्टचा ढीग साठ-पासष्ट अंशांपर्यंत जातो, हात घालवत नाही. साठ-सत्तर अंशांच्या पुढे जिवाणूंचा निभाव लागत नाही, ते मरतात. पण तोवर त्यांनी माल एवढा तापवलेला असतो की पुढचे काम हवेतला प्राणवायू एकटाच करतो. चुलीत आधी कागद पेटवून मग लाकूड धरवावे, तसलाच हा प्रकार.

आता आमची स्वतःची एक गोष्ट. ती सांगताना बरे वाटत नाही.

नोकरीला पाच-सहा वर्षे झाली होती. आमच्या गटातल्या एका गावी दोन चुलतभाऊ, बांधाला बांध, त्या बांधावरून दोघांची जुनी कुरबुर. त्या वर्षी ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला. कडबा पुरता वाळला नव्हता; पुन्हा आभाळ आले म्हणून थोरल्याने घाईघाईने गंजी रचली, चांगली ऐसपैस. तीन आठवड्यांनी रात्री गंजी पेटली. सकाळी आम्ही ऊस नोंदणीसाठी त्याच शिवारात होतो, म्हणून लोकांनी बोलावले. पंच बसलेले. सगळ्यांच्या नजरा धाकट्याच्या घराकडे. थोरल्याची कारभारीण पदर सावरून एवढेच म्हणाली, "चार दिस झालं, गंजीकडनं गुळाच्या पाकावानी वास येतुया, म्या सांगत हुते." कोणी ऐकले नाही. पंचांनी आम्हांला विचारले, "साहेब, तुम्ही शेतीचं शिकलेले. लावल्याबिगर लागती का गंजी?" आम्ही मान हलवली आणि म्हणालो, "लावल्याशिवाय कशी लागेल?"

तापलेल्या गवताला पाकासारखा, तंबाखूसारखा गोडसर वास येतो, आणि तो वास म्हणजे धोक्याची घंटा असते, हे आम्ही पुढे कित्येक वर्षांनी वाचले. ओले गवत रचल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांच्या आत अशा आगी बहुधा लागतात, हेही तेव्हाच कळले. त्या बाईने निदान बरोबर केले होते आणि पदविकाधारकाने चुकीचे. केस उभी राहिली, दोघांचीही उसाची बिले वकिलाच्या घरी गेली. थोरला वारला तेव्हा धाकटा तेराव्यालाही आला नाही. ती गंजी आपोआपच पेटली असे आजही आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुरावा जळून गेला. पण विचारायला हवे होते, ते आम्ही विचारले नाही.

असो. आता कारखान्याकडे वळू, कारण तिथेही हेच चालते. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघतो. मिलमधून बाहेर पडताना त्यात निम्मे पाणी असते आणि थोडी साखरही राहिलेली असते. म्हणजे जिवाणूंना पाणीही मिळाले आणि जेवणही. त्याचे डोंगर आपण यार्डात रचतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड या ऊसपट्ट्यात बगॅसचे ढीग आपोआप पेटत, म्हणून तिथे १९८० च्या दशकात याचा चांगला अभ्यास झाला. त्यात दिसले की कमी तापमानाला ढीग तापवण्यात पाण्याचा स्वतःचाच हात असतो. कोरड्या पडलेल्या ढिगावर वरवर पाणी शिंपडले तर ढीग गार होण्याऐवजी उलट तापू शकतो. आपल्याकडे मात्र पाइप घेऊन वरून फवारा मारला की काळजी घेतल्याचे समाधान होते.

कुठल्याही कारखान्याचा बगॅस जळला की सभासदांत कुजबूज सुरू होते : "हिशेब बसत नव्हता, म्हणून पेटवला." आम्ही कारखान्याचे नोकर, तेव्हा आमच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते आपण ठरवा. पण आम्ही असे म्हणणार नाही की सभासदांनी संशय घेऊ नये. सहकारात संशय घेण्याचा हक्क भागधारकाला आहे, आणि लावलेल्या आगीही असतात. आमचे म्हणणे एवढेच की, ढिगाच्या पोटात किती अंश होते याचा रोजचा आकडाच कारखान्याकडे नसेल, तर संशय खरा की खोटा हे ठरणार कसे? मग व्यवस्थापन "आपोआप लागली" म्हणून सुटते आणि सभासद "लावली" म्हणून घरी जातो. दोघेही अंदाजाने बोलतात.

विम्याचेही एक त्रांगडे आहे. मालाच्या स्वतःच्या आंबण्याने, तापण्याने, आपोआप पेटण्याने झालेले नुकसान कित्येक आगीच्या पॉलिसींत स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. जादा हप्ता भरून ते जोडून घ्यावे लागते. सर्वच पॉलिसी सारख्या नसतात, म्हणून ती वाचावी, एजंटाच्या तोंडावर जाऊ नये. पण यातून होते काय, की "आपोआप पेटली" हे खरे कारण सांगण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. "अज्ञात इसमाने पेटवली" असे लिहिले तर पैसे मिळण्याची आशा. हा अज्ञात इसम गावात फार दिवस अज्ञात राहत नाही. चार दिवसांत त्याला नाव चिकटते, आणि ते नाव बहुधा बांधावरच्या भावाचेच असते.

पुणे शहराने तर हा प्रकार डोंगराएवढा करून दाखवला. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात टाकला गेला. ओला-सुका सगळा एकत्र, थरावर थर. तो आतून आंबतो, तापतो, त्यातून जळणारा वायू सुटतो. तिथे वेळोवेळी आगी लागल्या. २०१७ च्या एप्रिलमधल्या आगीनंतर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला. त्याआधीच्या वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, मुंबईच्या देवनारला कचऱ्याची आग इतकी धुमसली की तिचा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला. एकेका वेळी काडी लावणारा कोणी असेलही. पण पोटात ऊब धरलेल्या ढिगाला काडीची वाट पाहावी लागत नाही, आणि काडी लागलीच तर तो विझवता विझत नाही. डोंगर रचणारा मोकळा राहतो आणि चौकशी मात्र काडीची होते.

गुऱ्हाळवाल्या सभासदांना वेगळे सांगायला हवे. चुलाणाच्या भिंतीला लागून चिपाडांचा ढीग लावण्याची पद्धत आहे, वाळायला बरे म्हणून. तशीच धुराड्याची नळी पत्र्यातून वर नेताना लाकडी वाशाला चिकटवून नेतात. "इतकी वर्षं काही झालं नाही" असे उत्तर मिळते. बेकरीच्या भिंतीलाही इतकी वर्षे काही झाले नव्हते. उलट जितकी जास्त वर्षे तितके लाकूड जास्त शेकलेले. वाशाला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर वासा सरकवावा, मध्ये मोकळी हवा खेळेल इतका.

आणि गंजी तापल्याचा संशय आला तर? आमचे वडील गंजीत पहार खुपसून ठेवीत. पाव तासाने उपसून टोक मुठीत धरायचे. धरवले तर ठीक, चटका बसला तर गंजी मोडायची. ही थर्मामीटरच्या आधीची रीत, आजही चालते. थर्मामीटर असला तर पासष्ट अंशांना सावध व्हावे, ऐंशीला आत निखारा आहे असे धरून चालावे. मात्र तापलेली गंजी एकट्याने, पाणी जवळ न ठेवता मोडू नये. हवा लागताच ती भडकते. आणि वर चढून तर कधीच पाहू नये. आतून जळून पोकळ झालेल्या गंजीवर वरून काही दिसत नाही, पाय दिला की माणूस आत जातो. लहान मुले गंजीवर खेळतात, त्यांनाही दूर ठेवावे.

पंचनाम्याला बसणाऱ्या पंचांना, आणि त्यांत आपलेच सभासद असतात, आमची विनंती आहे. गंजी कधी रचली, त्या आठवड्यात पाऊस झाला होता का, माल हिरवट होता का, आधी वाफ किंवा वास आला होता का, जळलेली जागा मध्यभागी आहे की कडेला, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. घरातल्या बायकांनाही विचारावे. शेणाला, वैरणीला, पाण्याला रोज त्याच जातात. गंजीजवळून दिवसातून चार वेळा जाणारे नाक त्यांचे असते.

कारखान्यापुरते आम्ही एक काम केले आहे. यार्डातल्या बगॅसच्या प्रत्येक ढिगात लोखंडी नळ्या रोवून, त्यांत थर्मामीटर सोडून रोज सकाळी तापमान घ्यावे आणि ते वजनकाट्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहावे, अशी लेखी सूचना गळीत हंगामापूर्वी दिली आहे. एक्झॉस्ट वाफेच्या नळ्यांखाली, जिथे सव्वाशे अंशांची धग असते तिथे, कोणी बसवलेले लाकडी ठोकळे काढून लोखंडी आधार द्यावेत, हेही त्यात लिहिले आहे. सूचनेवर अद्याप शेरा आलेला नाही. वार्षिक सभेत लाभांश आणि उसाच्या दराचे प्रश्न झाले की कोणा सभासदाने हा फळा कुठवर आला ते विचारावे. आम्ही व्यासपीठाच्या डाव्या बाजूला बसलेलो असू.